बोरसे सर हसतात

५ मे, सोमवार
जयश्रीबेन हेडमास्तर झाल्यापासून सुट्टी ही नावालाच उरली आहे. आज सुट्टीचा पहिला दिवस, आणि मीटिंग.

विषय गंभीर. गेल्या वर्षी पहिलीत अकरा मुलं. यंदा वीस झाली नाहीत तर आमच्या शाळेची पहिली बंद. या गुजराती शहरात मराठी शाळा कोणालाच नको आहे, सगळ्यांना इंग्लिश मिडियम पाहिजे. पहिलीच्या बाई मार्चमध्ये रिटायर झाल्या, म्हणून पहिली यंदा माझ्याकडे. वर्ग गेला की मी ज्यादा. ज्यादा शिक्षकाची बदली थेट शहराच्या दुसऱ्या टोकाला, कतारगामच्या पलीकडे. इथून, डिंडोलीहून, दोन बस.

माझी नोकरी वीस महिने उरली आहे. या शाळेत एकतीस वर्षं झाली. निरोप समारंभ इथेच व्हायचा, हे ठरलेलं आहे. (मी ठरवलं आहे.) भाषणही तयार आहे. तिसऱ्या परिच्छेदाला माजी विद्यार्थी रडू लागतील असा अंदाज. कतारगामला माझ्यासाठी कोण रडणार?

प्रत्येकाने घरोघर फिरून पाच-पाच नावं आणायची ठरलं. मी दहा आणतो असं जाहीर केलं. या वस्तीतले निम्मे आईबाप माझ्याच हाताखालून गेलेत. कुणी लूमवर कापड विणतो, कुणी पलसाण्याला डाइंगमध्ये ते रंगवतो. सरांनी शब्द टाकला की झालं.

निघताना जयश्रीबेन म्हणाल्या, सर, फक्त थोडं हसतमुखाने जा. कोपऱ्यात कोणीतरी खोकलं. बहुतेक प्रियांका मॅडम.

६ मे, मंगळवार
रात्रभर ते वाक्य डोक्यात. हसतमुखाने जा! मला सांगतात! चौऱ्याण्णव साली ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं की शिक्षकाने वर्गात प्रसन्न चेहऱ्याने जावं. मी ते एक दिवस सोडलेलं नाही. हातात छडी असायची तेव्हाही चेहऱ्यावर हसू असायचं. खरं तर तेव्हा जास्तच.

सुनंदाकडे पुरावा मागितला. तिने लग्नाचा अल्बम काढून पुढ्यात ठेवला. एकूण चौसष्ट फोटो. एकाही फोटोत मी हसत नाही. तिचं म्हणणं, तिच्या मावशीने तेव्हा विचारलं होतं, मुलाला मुलगी पसंत नाही का.

फोटोग्राफर वाईट होता.

आरशासमोर जाऊन हसून बघितलं. सुनंदा मागून आली आणि पोटात दुखतंय का म्हणाली. ओवा देऊन गेली.

८ मे, गुरुवार
सौरभला विचारावं लागलं. मुलाला विचारणं मला पटत नाही, पण तो मोबाइलवर सगळं बघतो. त्याने तीन व्हिडिओ दाखवले. विषय: हसण्याचं मानसशास्त्र. चांगला आहे.

मुद्दे उतरवून घेतले. हसू दोन प्रकारचं. खोटं हसू फक्त तोंडाचं असतं. खरं हसू डोळ्यांपर्यंत जातं, डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडतात. समोरच्याला फरक लगेच कळतो, मूल असेल तर आणखी लवकर. हसू संसर्गजन्य असतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पेन्सिल दातात आडवी धरली की हसण्याचे स्नायू कामाला लागतात आणि माणूस आपोआप आनंदी होतो.

सौरभ म्हणाला, पप्पा, आ तो खाली थियरी छे. नुसती थिअरी म्हणे! आणि हा मुलगा माझ्याशी गुजरातीत का बोलतो? मी मराठी शाळेचा शिक्षक आहे.

संकल्प: रोज सकाळी वीस मिनिटं पेन्सिल.

९ मे, शुक्रवार. सकाळी ६.३०
पेन्सिल सुरू. नऊ मिनिटं झाली. आनंद अजून नाही. लाळ आहे.

७.१०
जबडा आखडला. सुनंदाने नाश्त्याला मऊ भात केला.

११ मे, रविवार
आज प्रयोग. लिफ्टमध्ये चौथ्या मजल्याचे हसमुखभाई भेटले. मी डोळ्यांसकट हसलो. सगळे नियम पाळून, दुसऱ्या मजल्यापासून चौथ्यापर्यंत. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग लिफ्टचं दार उघडायच्या आत म्हणाले, मास्तर, पार्किंगनी वात होय तो ना पाडी दउं छुं.

मी पार्किंगचं काही बोललोच नव्हतो, मग आधीच नकार कसला? पण माणूस आतून हलला होता हे नक्की.

१३ मे, मंगळवार
मोहीम सुरू. चौतीस घरांची यादी. लूमची शिफ्ट सकाळी सातला सुटते, म्हणून आठला पहिलं घर गाठलं. निंबाचं. हा चौथीत माझ्याकडे होता. दाराशी त्याच्या चपला होत्या, टीव्ही चालू होता, कपात अर्धा चहा होता आणि निंबा गावाला गेलेला होता. असं त्याची बायको म्हणाली. तेवढ्यात मागच्या जिन्यावरून कोणीतरी धावत उतरल्याचा आवाज आला. मी तिच्याकडे बघून पूर्ण हसलो. तिने पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतला.

दुसरं घर कलाबाईचं. तिचा मुलगा माझा विद्यार्थी, आता नातू सहा वर्षांचा. ती म्हणाली, "पोर्‍या गावले गयेल शे, सर." नातू खाटेखाली होता. पाय दिसत होते.

मे महिन्यात खानदेशातली लग्नं असतात, निम्मी वस्ती गावी जाते. माझं टायमिंग चुकलं, एवढंच.

नावं: ०.

१५ मे, गुरुवार
फार चांगला दिवस!

दगा माझा जुना विद्यार्थी. तेव्हा काडीसारखा होता, आता अंगाने भरलाय, भरघोस मिशा आहेत, लूमच्या खात्यात मास्तर म्हणजे कारागिरांच्या वरचा झालाय. मुलगी धनश्री, साडेसहा वर्षांची. यादीत मी तिच्या नावावर आधीच टिक केली होती.

दार त्यानेच उघडलं. मी हसलो. आजचं हसू आतापर्यंतचं सगळ्यात चांगलं जमलं होतं. सुरकुत्यांसकट. दगाने एक क्षण बघितलं आणि हात पुढे केला. तळवा वर करून. मी लगेच तो हातात घेऊन हलवला. हात घामाने ओला होता. हस्तांदोलनाची पद्धत चुकीची, पण भावना बघायची.

मी बसलो. तो उभाच राहिला. बस म्हणालो तरी बसला नाही. आजच्या काळात असा आदर! मुलीला शेजारी पाठवून दिलं होतं, म्हणजे आमच्या बोलण्यात अडथळा नको. नाव लिहू का विचारलं, तर म्हणाला, "दोन दिसमा सांगसू, सर." चहा बायकोने आणला. त्याच्या कपातला चहा बशीत सांडत होता.

नावं: ०. पण एक पक्कं.

१६ मे, शुक्रवार
धर्मेंद्र भेटला, तोही माझा जुना विद्यार्थी, आता रिक्षा चालवतो. मी हसल्यावर त्यानेही हात पुढे केला. तळवा वर. मग थोडं थांबून दुसराही केला. मी दोन्ही हात दाबले. डिंडोलीत हीच फॅशन आलेली दिसते.

प्रगती: नावं शून्य. वातावरण अत्यंत अनुकूल.

२० मे, मंगळवार
प्रियांका मॅडमची नावं आठ झाली. कळत नाही.

आज मुद्दाम त्यांच्यासोबत दोन घरं केली, निरीक्षणासाठी. त्या हसण्याचा एकही नियम पाळत नाहीत. सरळ आत जातात, फरशीवर बसतात, बायका साड्यांना खडे चिकटवत असतील तर त्याही चिकटवायला लागतात. बोलतात अहिराणीत. "काय वं माय, पोरगी कितली वरीसनी व्हयनी?" शाळेच्या शिक्षिकेने हे असं बोलायचं? मी बाहेर आल्यावर समज दिली. त्या म्हणाल्या, सर, मी याच गल्लीतली आहे. हे काही उत्तर नाही.

त्यांच्या हसण्यातले दोष: दात दिसतात, आवाज येतो, कोणत्याही क्षणी सुरू होतं, मध्येच बोलणं तुटतं. तरी नावं आठ.

दोन दिवस होऊन गेले, दगाचा फोन नाही. कामात असेल.

२४ मे, शनिवार
एकेका घरी जाण्यात वेळ जातो. हसू एकदम सगळीकडे पोचलं पाहिजे. म्हणून पत्रक काढलं. वर शाळेचं नाव, मध्ये माझा हसरा फोटो, खाली: "हसत खेळत शिक्षण, बोरसे सरांच्या वर्गात!" फोटोला एकवीस वेळा बसलो. फोटोवाला म्हणाला, काका, नॉर्मल रहो. दोनशे प्रती. सौरभ आणि मी मिळून चिकटवल्या. सौरभने तोंडाला रुमाल बांधला होता, उन्हासाठी.

२६ मे, सोमवार
पत्रकाचा जबरदस्त परिणाम! आज गल्लीतून जाताना स्वतः ऐकलं. एक बाई पोराला भरवत होती, पोर तोंड उघडेना. तिने भिंतीवरच्या पत्रकाकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "खाय लवकर, नही ते बोरसे सरले बलावसू." पोराने दोन घासांत ताट संपवलं.

घराघरात माझं नाव पोचलं आहे.

२७ मे, मंगळवार
जयश्रीबेनचा फोन. प्रियांका मॅडमच्या आठांपैकी दोन नावं परत घेतली. पत्रकं काढून टाका म्हणाल्या, आजच. कारण सांगितलं नाही. मी विचारलं, कोणाला त्रास झाला का? त्या फक्त म्हणाल्या, सर, प्लीज.

मोठ्या कामात मत्सर आलाच. सौरभबरोबर एकशे एक्क्याऐंशी काढली. बाकीची कोणीतरी आधीच फाडली होती. काहींच्या डोळ्यांवर खिळे होते.

२८ मे, बुधवार
सोनालीकडे गेलो. चौथीत माझ्याकडे होती, पहिल्या बाकावर. आता घरी साड्यांना खडे लावते, मुलगा सहा वर्षांचा. मी दारातूनच हसलो. तिने हातातला गोंद खाली ठेवला आणि म्हणाली, सर, बसा, आणि पहिले ते बंद करा.

काय बंद करू विचारलं.

तिने सांगितलं. राग नका धरू, सर, पण तुम्ही आधी हसायचे आणि मग मारायचे. दर वेळी. सतराचा पाढा चुकला की तुम्ही हसत हसत बाकाजवळ यायचे. तुमचं हसू दिसलं की आम्ही स्वतःच हात पुढे करायचो, म्हणजे लवकर संपायचं. दगाने तर एकदा दोन्ही हात पुढे केले होते, सर, एकाच वेळी. तो मला अजून सांगतो की तुम्ही हासनात की हात आपोआप पुढे जास. तुम्ही त्याच्या घरी गेले होते त्या दिवशी तो कामाला गेला नाही.

मी चहा न घेता निघालो. खरं म्हणजे तिने विचारलाच नव्हता.

अतिशयोक्ती आहे. मुलं लहानपणीचं वाढवून सांगतात. त्या काळात सगळेच मारायचे. मला तर आमचे गुरुजी गुडघ्यावर मारायचे आणि ते हसायचेही नाहीत.

२९ मे, गुरुवार
पेन्सिल मोडली. आज काही नाही.

३० मे, शुक्रवार
आठवून बघितलं. ट्रेनिंगमध्ये सांगितलं, वर्गात प्रसन्न राहा. त्या वेळच्या हेडमास्तरांनी सांगितलं, छडी ठेवा, नाहीतर ही लूमवाल्यांची पोरं डोक्यावर बसतील. मी दोन्ही आज्ञा पाळल्या. एकाच वेळी पाळल्या, हे चुकलं असेल. पण दोन्ही वेगवेगळ्या वेळी पाळा असं कोणी लिहून दिलं नव्हतं.

सुनंदाला सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, जाऊ द्या हो. ती भाजी निवडत होती. जुडी बाजूला ठेवून म्हणाली, सौरभला आठवतंय की नाही, एकदा विचारून बघा.

नाही विचारणार.

२ जून, सोमवार
संकल्प: दगाची माफी मागायची. हसायचं नाही. चेहरा अगदी साधा ठेवायचा. वाक्य पाठ केलं: "दगा, तेव्हा माझं चुकलं. मनात ठेवू नकोस." रिक्षातून उतरेपर्यंत चौदा वेळा म्हटलं.

दगा दारात आला. न हसणारा मी बघून तो आणखीच घाबरला, असं वाटलं. मी तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "सरळ उभा राहा."

तो सरळ उभा राहिला. छत्तीस वर्षांचा माणूस, हात दोन्ही बाजूंना चिकटवून. त्याची मुलगी पडद्याआडून बघत होती. आपल्या बापाला असं उभं राहिलेलं तिने कधी बघितलं नसणार. मी तसाच परत फिरलो. मला लाज वाटली. इथे लिहिताना वाटते आहे तशीच तिथेही वाटली.

उद्या पुन्हा जाणार.

३ जून, मंगळवार
ऊन फार. गेलो नाही.

४ जून, बुधवार
पाय दुखत होता.

९ जून, सोमवार
शाळा सुरू. हिशेब झाला. प्रियांका मॅडम तेरा (परत गेलेली दोन्ही नावं त्यांनी पुन्हा आणली). बाकी सगळे मिळून चार. मी शून्य. एकूण सतरा. पाहिजेत वीस.

कतारगामच्या बसचं वेळापत्रक बघून ठेवलं. पहिली बस पहाटे पावणेसहाची.

१२ जून, गुरुवार
जयश्रीबेननी केबिनमध्ये बोलावलं. पंखा फुल केला, पाणी मागवलं. मी ओळखलं, काहीतरी वाईट आहे. म्हणाल्या, सर, सहा पालक आले होते. दगाभाऊ, सोनाली, आणखी चार जण. मुलं टाकायला तयार आहेत. मग तेवीस होतात, वर्ग वाचतो, तुमची बदलीही टळते.

मी म्हणालो, मग अडचण काय?

त्या टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिल्या. पालकांची एकच अट आहे म्हणाल्या. पहिली प्रियांका मॅडमकडे द्यायची. आणि तुम्हाला, म्हणजे, मुलांचा कोणताच वर्ग नको. ऑनलाइन हजेरी आहे, आधारची माहिती भरायची आहे, मध्यान्ह भोजनाचं रजिस्टर आहे. तुमचं अक्षर चांगलं आहे, सर.

विचार करायला एक दिवस मागितला. बाहेर आलो तर व्हरांड्यात प्रियांका मॅडम उभ्या होत्या. मला वाटलं हसतील. त्या म्हणाल्या, सर, मी नाही सांगितलं त्यांना तसं करायला. मीही तुमच्याकडेच शिकले आहे ना. आणि मग, कसं कोण जाणे, मला पहिल्यांदाच आठवलं. तिसऱ्या बाकावर. दोन वेण्या. मोठ्याने हसल्याबद्दल मी तिला बाकावर उभी केली होती.

१३ जून, शुक्रवार
कळवलं की मी प्रशासकीय जबाबदारी स्वीकारत आहे. अनुभवी माणसाची तिथे जास्त गरज असते. घरी सांगितलं, प्रमोशनसारखंच आहे. सौरभ म्हणाला, "अच्छा है, पप्पा." त्याने खांद्यावर हात ठेवला. पहिल्यांदाच ठेवला. मी जरा दचकलो आणि तोही दचकला. मग दोघंही टीव्ही बघायला लागलो.

२६ जून, गुरुवार
प्रवेशोत्सव. शाळेला पताका लावल्या. पाहुणे अधिकारी आले, मुलांना टिळा लावला, दप्तरं वाटली. प्रियांका मॅडम पहिलीच्या रांगेपुढे उभ्या होत्या आणि आलेली सगळी मुलं त्यांच्याकडे बघून हसत होती.

माझं टेबल गेटजवळ, झाडाखाली. काम: नाव, बापाचं नाव, जन्मतारीख.

साडेदहाला दगा आला. नवा शर्ट, मुलीचा हात घट्ट धरलेला. रांगेत दोघांचा नंबर आला. मी चेहरा रजिस्टरमध्येच ठेवला. माफीचं वाक्य तयार होतं, मागे आणखी आठ पालक उभे होते, आणि वाक्य राहिलं. मुलगी मात्र मला न्याहाळत होती. मध्येच तिने बापाच्या पँटला धरून मोठ्याने विचारलं, "पप्पा, हाऊ कोन शे?"

दगाला वाटलं, त्याचं उत्तर मला ऐकू जाणार नाही. तो खाली वाकून तिच्या कानात म्हणाला, "कोनी नही, बेटा. भ्याय नको. नाव लिखनारा सर शेतस."

बरोबर सांगितलं त्याने. मी नाव लिहिलं. धनश्री दगा. अक्षर चांगलं आलं.

मग मान वर केली. ती माझ्याकडे बघून हसत होती. पुढचे दोन दात पडलेले, डोळ्यांच्या कडांना बारीक सुरकुत्या, सगळं व्हिडिओत सांगितलं तसं. तिला माझ्याबद्दल काहीही माहीत नव्हतं. मला हसू आलं. पेन्सिल नाही, आरसा नाही, आपोआप आलं.

दगा बघत होता.

मी ओठ मिटले आणि जन्मतारीख विचारली.